ग्राफिक नॉव्हेल वर्गात शिकवायची कशी?

पुस्तक वर्गात नेण्याआधी ते स्वतः दोनदा वाचा. पहिल्यांदा नेहमीसारखं, आणि दुसऱ्यांदा एकही शब्द न वाचता. संवादाचा फुगा दिसला की नजर बाजूला काढायची, चौकटीवरची निवेदनाची ओळही सोडून द्यायची. वाटतं तितकं हे सोपं नाही. आपण शिक्षक मंडळी अक्षरांवर पोसलेली. छापील ओळ दिसली की डोळे आधी तिकडे धावतात आणि चित्राला ओझरता नमस्कार करून पुढे जातात. मुलंही तेच करतात. म्हणून तर दोनशे पानांची ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, एखादी चुणचुणीत मुलगी एका बैठकीत संपवते आणि ‘वाचली, आता पुढची द्या’ म्हणते. तिने वाचलेले असतात फक्त संवाद.

मी माध्यमिक वर्गांना भाषा शिकवते आणि अधूनमधून इतिहासाच्या तासालाही उभी राहते. ग्राफिक नॉव्हेल शिकवायची माझी सगळी रीत एका गोष्टीवर टेकलेली आहे: चित्रं वाचायला शिकवावी लागतात. ‘चित्रं काय, कुणालाही कळतात’ असं म्हणणारे सहकारी तुम्हालाही भेटतील. त्यांना नील कोन या संशोधकाचं काम दाखवा. चित्रमालिका समजणं हे सरावाने येणारं कौशल्य आहे, असं तो मांडतो. ज्याचा कॉमिक्सशी कधी संबंधच आला नाही, त्याला लागोपाठच्या दोन चित्रांतला माणूस एकच आहे हेसुद्धा कधीकधी उमगत नाही.

तेव्हा वाचनात मागे पडलेल्यांसाठी सोपी सोय म्हणून हे पुस्तक देऊ नका. सोपं म्हणून दिलेलं पुस्तक सोपं म्हणूनच वाचलं जातं.

इतिहास कुठे घालायचा

पहिला तास ‘उगम आणि विकास’ या नावाखाली सनावळ्या सांगण्यात घालवायचा मोह टाळा. या माध्यमाचा इतिहास मी पाठांच्या क्रमातच मुरवते. चित्रकथाकारांनी जी युक्ती ज्या काळात शोधली, ती त्या काळच्या पानावरूनच शिकवायची. मुलांना युक्ती कळते आणि सन आपोआप लक्षात राहतो.

अपवाद एकाच गोष्टीचा, ती मात्र अगदी आधी सांगते. हे माध्यम ज्यांनी आकाराला आणलं त्यांत अगदी सुरुवातीचं नाव आहे रोडॉल्फ टॉपफर याचं. हा जिनिव्हातला शाळामास्तर. स्वतःचं निवासी विद्यालय चालवायचा आणि १८२७ पासून विद्यार्थ्यांच्या आणि मित्रांच्या करमणुकीसाठी चित्रांच्या गोष्टी काढायचा. डोळे अधू म्हणून त्याला चित्रकार होता आलं नव्हतं. त्यामुळे रेषा भराभर ओढलेली, वेडीवाकडी, पण जिवंत. त्याच्या वह्या जर्मन कवी गटेपर्यंत पोहोचल्या, म्हाताऱ्या गटेने कौतुक केलं, तेव्हा कुठे त्या छापायचा धीर त्याला आला. १८४५ मध्ये त्याने चेहरे रेखाटण्यावर एक निबंधही लिहिला. नाकाची, हनुवटीची रेघ जराशी बदलली की स्वभाव कसा बदलतो, हे त्यात ओळीने चेहरे काढून दाखवलं आहे.

एवढं सांगितलं की वर्गातली ‘मला चित्र काढता येत नाही’ ही सबब निम्मी गळून पडते. शिवाय टॉपफरच्या चित्रांवर आता कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. हव्या तेवढ्या प्रती काढून वाटा. मी त्याच्या ‘मस्यू जाबो’ या चित्रकथेतली पानं घेते. नाचाच्या समारंभात बड्या लोकांत मिरवायला गेलेला जाबो प्रत्येक फजितीनंतर पुन्हा तोच ताठ पवित्रा घेऊन उभा राहतो. तिसऱ्यांदा तो पवित्रा दिसला की वर्ग हसतो. का हसला, हे मुलांकडूनच काढून घ्या: तेच चित्र पुन्हा आलं, पण मधल्या घटनांनी त्याचा अर्थ बदलला. (त्याची दुसरी प्रसिद्ध गोष्ट, प्रेमात पडलेल्या म्हाताऱ्याची, मी टाळते. तिच्यात आत्महत्येचे फसलेले प्रयत्न विनोद म्हणून येतात.)

मुक्या पानांचा तास

आता शब्द काढून टाका. बेल्जियमचा फ्रान्स मासरेल याने १९१९ मध्ये १६७ लाकूडठशांची, एकही संवाद नसलेली कथा प्रसिद्ध केली. अमेरिकेत लिंड वॉर्डने १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये, शेअर बाजार कोसळला त्याच सुमाराला, ‘गॉड्स मॅन’ हे असंच मुकं पुस्तक आणलं. दोघांतलीही पानं आधी स्वतः निवडून ठेवा. सगळीच लहान वर्गाला दाखवण्यासारखी नाहीत.

पडद्यावर लागोपाठची दोन चित्रं लावा आणि एकच प्रश्न विचारा: या दोन चित्रांच्या मध्ये काय झालं? उत्तर तोंडी घेऊ नका, नाहीतर पहिल्या बाकावरून आलेलं उत्तरच सगळ्यांचं होऊन बसतं. प्रत्येकाने तीन-चार वाक्यांत लिहायचं आणि मग वाचून दाखवायचं. कुणाच्या मते दोन चित्रांत पाच मिनिटं गेलेली असतात, कुणाच्या मते वर्ष. कुणी मधे भांडण घातलेलं असतं. आता दुसरा प्रश्न: चित्रातल्या कुठल्या खुणेवरून म्हणतेस? दाढी वाढली, सावली लांबली, खिडकीबाहेरचं झाड निष्पर्ण झालं. ज्या उत्तराला चित्रात खूण सापडत नाही ते खोडायला लावा. हा प्रश्न माझ्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे. कवितेच्या तासाला ‘मला असं वाटतं’ यावर थांबणारी मुलं इथे पुरावा शोधू लागतात, आणि ती सवय नंतर कवितेतही उतरते.

चौकटींमधल्या या मोकळ्या पट्टीत वाचक स्वतः गोष्ट रचतो, ही गोष्ट स्कॉट मॅकक्लाउडने १९९३ मध्ये ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये फार स्पष्ट करून सांगितली. ते पुस्तकही कॉमिक्सच्याच रूपात आहे. एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार त्याने सांगितले आहेत. वर्गात सहाही शिकवत बसू नका. क्षणामागून क्षण, कृतीमागून कृती आणि एका स्थळकाळातून दुसऱ्यात उडी, हे तीन पुरतात. बाकीचे ज्याला रस असेल तो स्वतः वाचेल.

वेगवेगळ्या मातृभाषांची मुलं एका वर्गात असतील तर शॉन टॅनचं ‘द अरायव्हल’ (२००६) हाताशी ठेवाच. परक्या देशात आलेल्या माणसाची ही शब्दावाचून सांगितलेली गोष्ट. त्या देशातल्या पाट्यांसाठी टॅनने एक खोटी लिपीच तयार केली आहे, त्यामुळे वर्गातली भाषेत सगळ्यात पुढे असलेली मुलगी आणि कालच दाखल झालेला मुलगा दोघंही सारखेच अडाणी ठरतात. समुद्रप्रवास किती लांबला हे सांगायला त्याने जोडपानभर ढगांची ६० छोटी चित्रं मांडली आहेत. ते पान नुसतं समोर ठेवा आणि गप्प बसा.

पट्टी घेऊन पान मोजणं

पानाची मांडणी शिकवायला विन्सर मॅकेसारखा दुसरा गुरू नाही. त्याची ‘लिटल निमो’ ही रविवारची चित्रकथा १९०५ मध्ये सुरू झाली. प्रत्येक भागात निमो नावाचा मुलगा स्वप्न पाहतो आणि शेवटच्या चौकटीत जागा होतो. २६ जुलै १९०८ च्या भागात त्याच्या पलंगाला लांब लांब पाय फुटतात आणि पलंग शहरातून चालत सुटतो. पाय वाढतात तशा चौकटीही उंच होत जातात.

मुलांना पट्ट्या काढायला सांगा. प्रत्येक चौकटीची उंची मोजून वहीत लिहायची आणि पहिलीच्या कितीपट झाली ते काढायचं. आकडे वाढत गेलेले दिसले की ‘चौकट ही नुसती किनार आहे’ हा समज जातो. मग कुठलंही आधुनिक पुस्तक उघडून सगळ्यात मोठी आणि सगळ्यात छोटी चौकट शोधायला लावा: लेखकाने इथेच जागा का खर्च केली? गणिताचे शिक्षक या तासाला सोबत आले तर उत्तमच, पण त्यांची वाट पाहत थांबू नका.

शब्दांकडे परत

अक्षरं स्वतःही चित्र असतात, हे अमेरिकी चित्रकथाकार विल आयस्नरकडून शिकावं. त्याच्या १९७८ च्या ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’च्या सुरुवातीला संततधार पाऊस आहे आणि अक्षरंसुद्धा त्या पावसात निथळताना दिसतात. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हे नाव सर्वत्र रुळलं ते या पुस्तकामुळे, जरी रिचर्ड काइल याने ते १९६४ मध्येच वापरलेलं होतं. शिक्षकांना मी आयस्नरची दुसरी बाजू आवर्जून सांगते. १९५१ पासून वीसेक वर्षं तो अमेरिकी सैन्यासाठी देखभालीचं मासिक तयार करत होता. गाडीचं तेल कधी बदलायचं, यंत्राची काळजी कशी घ्यायची हे सैनिकांना चित्रांतून, विनोद करत शिकवायचं काम. म्हणजे कादंबरीला हात घालण्याआधी त्याने या माध्यमातून प्रशिक्षण देण्याचाच सराव केला होता.

फुग्यांसाठी ‘भीमायन’ (२०११) घ्या. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे अनुभव परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी त्यात रंगवले आहेत. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही असं ठरवून त्यांनी पानं मोकळी ठेवली. प्रसंगांच्या मधून गोंड नक्षीचे पट्टे वाहत जातात. आणि फुगे पाहा: सौम्य बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मी फुग्यांतला मजकूर चिकटपट्ट्यांनी झाकते आणि कोण कुणाशी कसं बोलत असेल ते फक्त आकारावरून ओळखायला सांगते. नंतर पट्ट्या काढून तेच संवाद मोठ्याने वाचायचे. नांगीवाला फुगा गोड आवाजात वाचून दाखवणारा एखादा खट्याळ निघतोच, आणि त्यातून काय बिघडलं यावर चांगली चर्चा होते.

मोठं पुस्तक: इतिहासाच्या तासाला

एवढी तयारी झाली की मगच सलग पुस्तक हाती द्या. मोठ्या वर्गांसाठी माझी पहिली पसंती ‘माऊस’. आर्ट स्पीगलमनने नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची, व्लाडेकची, गोष्ट यात सांगितली आहे. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं. पहिला खंड १९८६ मध्ये आला, दुसरा १९९१ मध्ये, आणि १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. प्राण्यांच्या रूपकावर दोन तास खर्च करू नका, मुलांना ते लवकर कळतं. त्याऐवजी रूपक जिथे ताणलं जातं तिथे थांबा: पोलिश असल्याचं सोंग घेणारे ज्यू डुकराचा मुखवटा बांधून हिंडतात, आणि मुखवट्याची दोरी स्पष्ट दिसते. ओळख कुणी दिली, कुणी बांधली, कधी सुटते, हे सगळं त्या दोरीवरून बोलता येतं. पहिल्या खंडात आईवडील निराधार होऊन वाट तुडवत असतात, त्या चित्रातल्या वाटा वरून पाहिल्या तर स्वस्तिकाच्या आकाराच्या आहेत. हे तुम्ही सांगू नका. पुस्तक हातभर लांब धरून बघा, एवढंच म्हणा.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं पान दुसऱ्या खंडात आहे. आउशवित्झ छळछावणीच्या फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, याची कागदोपत्री नोंद आहे. मुलगा वडिलांना त्याबद्दल विचारतो. व्लाडेक म्हणतो, छे, मला तर फक्त कूच आठवतं, वाद्यवृंद वगैरे काही नाही. आता चित्र बघा. आधीच्या चौकटीत वाद्यवृंद दिसतोय. व्लाडेकने नाकारल्यावरच्या चौकटीत कूच करणाऱ्या कैद्यांच्या रांगांनी तो झाकला आहे, पण रांगांच्या मागून वाद्यांची टोकं तेवढी डोकावतात. साक्षीदाराची आठवण आणि दस्तऐवज यांच्यात तंटा झाला तर इतिहासकाराने काय करावं, हा प्रश्न पाठ्यपुस्तकाला पानभर लागतो. स्पीगलमन कुणालाही खोटं न पाडता दोन चौकटींत उभा करतो. शब्दांत हे एकाच वेळी दोन्ही म्हणता येत नाही, चित्रात येतं. ग्राफिक नॉव्हेल शिकवून मिळतं काय, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तर मी हे पान उघडून समोर ठेवते.

यापाठोपाठ गृहपाठ द्या: घरातल्या दोन माणसांना एकाच जुन्या प्रसंगाबद्दल वेगवेगळं विचारायचं आणि दोघांचं न जुळणारं म्हणणं एका पानावर मांडायचं.

वेळ कमी असेल तर मार्जान सत्रापीच्या ‘पर्सेपोलिस’चं, इराणमधल्या तिच्या बालपणाच्या गोष्टीचं, फक्त पहिलं पान घ्या. पहिल्या चौकटीत १९८० सालची दहा वर्षांची, डोक्यावर स्कार्फ बांधलेली मार्जान. दुसरीत वर्गाचा फोटो; ती म्हणते मी अगदी डाव्या टोकाला आहे, म्हणून दिसत नाही. खरोखरच किनारीने तिला कापलं आहे. चौकट कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, यावर तासभर सहज जातो. हिरोशिमावर शिकवायचं असेल तर केइजी नाकाझावाचं ‘बेअरफूट गेन’ आहे. १९७३ मध्ये त्याने ते सुरू केलं. बॉम्ब पडला तेव्हा तो स्वतः सहा वर्षांचा होता आणि शाळेच्या भिंतीच्या आडोशाने वाचला. पानं भयंकर आहेत. आधी स्वतः बघा, मग ठरवा.

भाषा आणि इतिहासापुरतंच हे मर्यादित आहे असं समजू नका. जीन ल्युएन यांग हा पुढे नावाजलेला चित्रकथाकार शाळेत शिकवत असताना बीजगणिताच्या ज्या तासांना त्याला हजर राहता येत नसे, त्या तासांचे धडे कॉमिक्स काढून पाठवायचा. मुलांना ते त्याच्या प्रत्यक्ष तासापेक्षा आवडले, कारण स्वतःच्या गतीने वाचता येत होतं, मागे जाता येत होतं. निक सूसानिसने तर कोलंबिया विद्यापीठात पीएचडीचा प्रबंधच कॉमिक्समध्ये लिहिला. तो २०१५ मध्ये ‘अनफ्लॅटनिंग’ नावाने पुस्तकरूपात आला.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा: जाडजूड अभिजात कादंबऱ्यांची चित्ररूप संक्षिप्त आवृत्ती. १९४१ मध्ये अमेरिकेत ‘क्लासिक कॉमिक्स’ने ही चाल पाडली आणि ती अजून संपलेली नाही. त्यांत चित्र सारांशाची सजावट करतं, त्याच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नसतं. परीक्षेआधी मूळ पुस्तक चुकवायला त्यांचा उपयोग होतो, शिकवायला फारसा नाही.

आक्षेप येतील तेव्हा

ते येतातच. १९५४ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असं पुस्तक लिहिलं. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक कडक आचारसंहिता लादून घेतली. वर्दम काही दुष्ट माणूस नव्हता. हार्लेममध्ये गरिबांसाठी त्याने मानसोपचाराचं केंद्र चालवलं होतं. पण त्याची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की मुलांच्या जबान्या त्याने सोयीने कापल्या-जोडल्या होत्या. हा भाग मी वरच्या वर्गाला ‘पुरावा कसा तपासावा’ या पाठात शिकवते.

पालकांपुढे मात्र वर्दमचा पाढा वाचू नका. त्यांची काळजी वेगळी असते. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शालेय मंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून ‘माऊस’ काढलं, तेव्हा कारणं होती काही शिव्या आणि एक छोटंसं नग्न चित्र. चित्राची हीच अडचण आहे. कादंबरीतलं वाक्य पालकांच्या नजरेस पडायला पुस्तक वाचावं लागतं, चित्र मात्र पान उलटताना दिसतं. म्हणून शिकवायला सुरुवात करण्याआधी पालकांना पत्र पाठवा: कुठलं पुस्तक, कुठल्या पानांवर काय आहे, ते आपण का वाचणार आहोत. पान क्रमांक तुम्हीच दिले की ‘आमच्यापासून लपवलं’ हे म्हणणं उरत नाही. एखाद्या घराला तरीही नको असेल तर दुसरं पुस्तक तयार ठेवा, आणि ते शिक्षा वाटेल असं नसावं.

दिसण्यात अडचण असलेलं मूल वर्गात असेल तर नियोजन आधीपासून वेगळं लागतं. जोडी लावून द्या: एकाने चौकटीचं वर्णन करायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे. वर्णन करणाऱ्याला चित्र नीट बघावंच लागतं, त्यामुळे हा प्रयोग मी आता सगळ्याच वर्गाकडून करून घेते.

मुलांचं स्वतःचं पान आणि गुण

शेवटी प्रत्येकाने एक पान करायचं. सहा चौकटी, सगळे मिळून पंचवीसच शब्द, आणि निदान एक चौकट पूर्ण मुकी. काड्यांची माणसं चालतील. शब्दांची मर्यादा सोडू नका. ती सोडली की मुलं चित्राखाली निबंध लिहितात. पेन्सिलीचा कच्चा आराखडा आधी शेजाऱ्याला दाखवायचा आणि त्याने कळलेली गोष्ट सांगायची. ती लेखकाच्या मनातल्या गोष्टीशी जुळली नाही तर कुठल्या दोन चौकटींच्या मध्ये धागा तुटला ते दोघांनी शोधायचं आणि मगच शाई.

गुण चित्रकलेला देऊ नका. पानासोबत अर्धं पान लेखी स्पष्टीकरण घ्या: ही चौकट सगळ्यात मोठी का, मुकी चौकट इथेच का, कुठल्या दोन चौकटींमध्ये वाचकावर काम सोपवलं. मी निम्म्याहून जास्त गुण या स्पष्टीकरणाला ठेवते. सुबक चित्र काढणारी मुलं पहिल्यांदा यावर कुरकुर करतात. त्यांना पान परत द्या आणि एक चौकट कमी करून तीच गोष्ट सांगायला सांगा.